एअर रायफलच्या फ्रंट साइटची रिंग कशी निवडावी: मोजमाप, क्रम आणि नेहमीच्या चुका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या १० मीटरच्या रेंजवर पीप साइटचा (मागच्या बारीक छिद्रातून पाहून नेम धरण्याचा) सराव करणाऱ्या अनेक नेमबाजांच्या फ्रंट साइटमध्ये, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या साइटमध्ये, गरजेपेक्षा लहान रिंग बसवलेली आढळते. याच रिंगच्या छिद्रात लक्ष्याचा काळा गोल मध्यावर धरून नेम साधतात. छिद्र जितके लहान तितका नेम अचूक, असा त्यामागचा समज असतो. एखादी सिरीज (दहा शॉटची फेरी) बिघडली की रिंगांची डबी उघडायची, ३.८ मिमीची काढून ३.५ ची घालायची, पुढचे चार-पाच शॉट बरे गेले की तीच कायम करायची आणि मग काही दिवसांनी तक्रार करायची की नेम जमतो, पण ट्रिगर दाबलाच जात नाही. अशा वेळी ट्रिगरची सेटिंग बदलली जाते, ग्रिप बदलली जाते, कधीकधी कोचही बदलले जातात. रिंग मात्र तशीच राहते.

खरे तर रिंग हा निवडीच्या क्रमातला शेवटचा भाग आहे. पोझिशन, डोळ्याची जागा, मागची आयरिस (मागच्या साइटचे लहान-मोठे करता येणारे छिद्र) आणि लक्ष्यावरचा प्रकाश या चार गोष्टी ठरल्याशिवाय रिंगच्या आकड्याला अर्थ नसतो, कारण यांतली एक जरी बदलली तरी तीच रिंग डोळ्याला वेगळी दिसते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते त्याच क्रमाने करावेत. ओपन साइटवर (मागे छिद्राऐवजी खाच असलेल्या साइटवर) खेळणाऱ्यांना हा लेख लागू नाही.

पूर्वतयारी

लागणारे सामान थोडे आहे: शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी, डिजिटल व्हर्नियर, एक वही आणि ३.४ पासून ४.६ मिमीपर्यंतच्या रिंगांचा संच. संच स्वतःचा नसेल तर क्लबमधून मागून घ्यावा. एखाद-दुसऱ्या रिंगवर ही तपासणी होत नाही. आपल्या फ्रंट साइटचे टनेल, म्हणजे रिंग बसते ती छोटी नळी, एम १८ आहे की एम २२, हे आधी पाहावे, कारण एकाची रिंग दुसऱ्यात बसत नाही आणि ऑनलाइन मागवताना ही चूक हमखास होते. मापाची खूण रिंगच्या कडेवर असते, पण वर्षानुवर्षे हाताळलेल्या क्लबच्या रिंगांवर ती पुसलेली असू शकते. तिथे व्हर्नियर वापरावा, मात्र प्लास्टिकच्या रिंगमध्ये त्याचे जबडे दाबून घालू नयेत. छिद्राच्या काठावर उठलेला बारीकसा ओरखडाही नेम धरताना काळ्या टिंबासारखा दिसत राहतो.

रिंग नेहमी कडेने धरावी. आपल्याकडच्या दमट हवेत बोटांचा घाम प्लास्टिकवर लगेच उमटतो आणि पारदर्शक रिंगवरच्या त्या डागामुळे पांढऱ्या वर्तुळाचा एक भाग धुरकट दिसतो. चष्म्याचे मऊ फडके डबीतच ठेवलेले बरे.

सावधान: मोजमाप करताना रायफल रिकामी, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आणि नळी लक्ष्याच्या दिशेला असली पाहिजे. कोरड्या सरावात, म्हणजे पेलेट (छर्रा) न घालता केलेल्या सरावातही रायफल रिकामी आणि नळी लक्ष्याच्याच दिशेला हवी. मोजपट्टी धरण्यासाठी दुसरी व्यक्ती नळीजवळ येणार असल्याने रेंजवरच्या अधिकाऱ्याला सांगून, सर्वांचे फायरिंग थांबल्यावरच हे काम करावे.

टप्पा १: डोळ्याची जागा पक्की करणे

पूर्ण किट घालून, म्हणजे जॅकेट, ट्राउझर आणि बूट यांसह पोझिशन घ्यावी. टी-शर्टवर घेतलेले माप जॅकेट घातल्यावर चुकते, कारण खांद्याजवळची जाडी बदलली की डोके चीकपीसवर (गाल टेकवायच्या भागावर) पुढे-मागे सरकते. डोळे मिटून रायफल गालाला लावावी, मान सैल सोडावी आणि मग डोळे उघडावेत. मागच्या छिद्रातून फ्रंट साइटचे टनेल अगदी मध्यभागी दिसत असेल आणि त्याच्या भोवती सर्व बाजूंनी सारखी उजेडाची पट्टी असेल, तर चीकपीसची उंची बरोबर आहे. टनेल एका बाजूला सरकलेले दिसले तर मानेने ते मध्यावर आणू नये, चीकपीस हलवावा. मानेने केलेली दुरुस्ती चाळीसाव्या शॉटपर्यंत टिकत नाही.

डोळा आणि मागची साइट यांतले अंतर साधारण ५ ते १० सेंमी असते. ते नेमके किती असावे याबाबत मते वेगळी आहेत. या कामापुरते ते प्रत्येक शॉटला तेच राहणे महत्त्वाचे आहे.

तपासा: रायफल खाली ठेवून पाच वेळा नव्याने पोझिशन घ्यावी. पाचही वेळा टनेल न शोधता मध्यावर दिसत नसेल, तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: मागची आयरिस आणि चष्मा

रिंग निवडण्याआधी मागची आयरिस ठरवावी लागते, कारण समोरच्या चित्राची धार आणि उजेड दोन्ही तिच्या हातात असतात. छिद्र लहान केले की रिंग आणि काळा (लक्ष्यावरचा काळा गोल) दोन्ही एकाच वेळी जास्त स्पष्ट दिसू लागतात. फार लहान केले की चित्र अंधारते आणि कडा पुन्हा मऊ पडतात. बहुतेकांचे काम १.० ते १.२ मिमीच्या आसपास होते. आधी आयरिस पूर्ण उघडावी, मग हळूहळू बंद करत जावे आणि रिंगची कड धारदार झाली की थांबावे. त्यापुढे बंद करून मिळते ते केवळ समाधान. उजेड मात्र जातो.

चष्म्याचा नंबर असेल तर तपासणी ताज्या नंबरवर करावी. चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजांची अडचण वेगळी असते. त्यांच्या डोळ्याला ८५ सेंमीवरची रिंग आणि १० मीटरवरचा काळा यांत जुळवून घेणे जड जाते आणि दूरच्या नंबरात साधारण अधिक ०.५० ची भर घातली की रिंग स्पष्ट होऊन काळाही नेमापुरता दिसतो. हे नेत्रतज्ज्ञाकडून ट्रायल फ्रेमवर तपासून घ्यावे, आणि शक्य असल्यास फ्रंट साइटचे अंतर मोजून सोबत न्यावे. नुसते ‘शूटिंगसाठी चष्मा हवा’ एवढे सांगितल्याने समोरच्याला काहीच कळत नाही.

नजर रिंगवर आणि काळा किंचित मऊ, असे चित्र योग्य समजावे. काळा लख्ख आणि रिंग धूसर दिसत असेल तर लहान-मोठ्या रिंगांची तुलना निरर्थक ठरते.

टप्पा ३: पहिला आकडा हिशेबाने काढणे

हा टप्पा सहसा कोणी करत नाही, आणि बहुतेक चुका इथेच सुरू होतात.

पोझिशनमध्ये असताना सोबत्याने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटच्या रिंगपर्यंतचे सरळ अंतर मोजावे. समजा ते ८५० मिमी आले. लक्ष्य डोळ्यापासून सुमारे १०,००० मिमी आहे. रिंगच्या व्यासाला १०,००० ने गुणून ८५० ने भागले की ती रिंग लक्ष्यावर किती मोठे वर्तुळ व्यापते ते कळते. ४.० ची रिंग ४७ मिमीचे वर्तुळ व्यापते, ३.५ ची ४१.२ मिमीचे आणि ३.२ ची ३७.६ मिमीचे. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो. वर्तुळातून तो वजा करून उरलेल्याचे दोन भाग केले की काळ्याच्या एका बाजूला किती पांढरे उरते ते मिळते: ४.० ला सुमारे ८.३ मिमी, ३.५ ला ५.३ मिमी आणि ३.२ ला केवळ ३.६ मिमी.

आता हे आकडे गुणांशी ताडून पाहावेत. पेलेट ४.५ मिमीचे असते आणि त्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून पेलेटचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०, ५ मिमीपर्यंत ९ आणि ७.५ मिमीपर्यंत ८ मिळतो. ज्याचा होल्ड, म्हणजे नेम धरलेला असताना रायफलीचे डोलणे, आठपर्यंत जातो, त्याच्या रायफलीचा नेम केंद्रापासून ७.५ मिमीपर्यंत फिरत असतो. त्याने ३.५ ची रिंग लावली, तर नेम ५.३ मिमी सरकताच काळा रिंगच्या कडेला टेकतो आणि त्या बाजूचे पांढरे नाहीसे होते. ३.२ लावली तर होल्ड नऊच्या आत असतानाच काळा कडेला चिकटतो. नेम किती चुकला आहे हे सांगणारी खूण नेमकी गरजेच्या क्षणी अशी गायब होते. डोळा गोंधळतो, मेंदू थांबायला सांगतो आणि ट्रिगरवरचे बोट अडते.

म्हणून सुरुवातीचा आकडा होल्डवरून काढावा. होल्ड जिथवर फिरतो तेवढे अंतर घ्यावे आणि त्यात २ मिमी मिळवावेत, म्हणजे नेम सर्वात बाहेर गेला तरी पांढऱ्याची एक रेघ शिल्लक राहील. आठपर्यंत हलणाऱ्याला प्रत्येक बाजूला ९.५ मिमी पांढरे हवे, म्हणजे ४९.५ मिमीचे वर्तुळ, म्हणजे ८५० मिमी अंतरावर ४.२ ची रिंग. नऊच्या आत राहणाऱ्याला ७ मिमी पुरतात आणि आकडा ३.८ च्या जवळ येतो. होल्ड ठरवताना प्रामाणिक राहावे. सर्वात चांगल्या पाच सेकंदांचा नव्हे, सामन्याच्या शेवटच्या सिरीजमधला होल्ड धरावा.

सावधान: दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. लहान चणीच्या मुलाचे अंतर ७५० मिमी असेल तर ८५० वाल्याला ४.२ मधून दिसणारे चित्र त्याला ३.७ मधून दिसते. राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या ताईची रिंग म्हणून आठवीतल्या मुलाने ४.२ लावणे आणि त्याच्या रायफलीतली ३.७ त्या ताईने लावणे, दोन्ही सारखेच चुकीचे आहे.

टप्पा ४: मोठ्यापासून लहानाकडे, कोरड्या सरावात

हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा ०.४ मोठ्या रिंगने सुरुवात करावी आणि ०.१ ने खाली यावे. लहानाकडून मोठ्याकडे जाऊ नये. लहान रिंगची सवय झालेल्या डोळ्याला नंतरची प्रत्येक रिंग अवाढव्य वाटते आणि निवड पुन्हा लहानाकडे झुकते.

प्रत्येक रिंगवर आठ-दहा वेळा पूर्ण नेम धरून, पेलेट न घालता ट्रिगर सोडावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. काळ्याभोवतीचे पांढरे वर्तुळ पूर्ण नेमाच्या काळात अखंड राहते का? काळा मध्यावर आहे हे विचार न करता कळते का? आणि नेम स्थिर झाल्यापासून ट्रिगर सुटेपर्यंत किती वेळ लागतो? तिसऱ्या प्रश्नासाठी सोबत्याने मोबाइलवर सेकंद मोजावेत, कारण स्वतःला तो वेळ नेहमी कमी वाटतो.

वाशीच्या एका रेंजवर बारावीतली एक मुलगी ३.४ वर खेळत होती. तिला विचारले, “पांढरं दिसतंय का?” ती म्हणाली, “दिसतंय सर, पण मधेच एका बाजूचं जातं आणि परत येतं.” तिच्या मागे उभे राहून पाहिले तर पांढरे गेले की ती श्वास धरून ते परत येण्याची वाट पाहत होती आणि ते आले की घाईने ट्रिगर ओढत होती. रिंग ४.० केली. तिची पहिली प्रतिक्रिया होती की नेम ढिला वाटतो, आणि ती अगदी स्वाभाविक होती. मोठ्या रिंगमध्ये होल्ड वाढत नाही. आधीपासून असलेला होल्ड फक्त दिसू लागतो.

मोठेपणालाही मर्यादा आहे. दोन समकेंद्री वर्तुळांमधले अंतर सगळीकडे सारखे आहे की नाही हे डोळा फार बारकाईने ओळखतो, पण पांढरे फार रुंद झाले की ही जाण बोथट होते. शॉट सुटल्यावर तो कुठे गेला असेल याचा अंदाज, म्हणजे कॉल, चुकू लागला की आपण मर्यादा ओलांडली असे समजावे.

तपासा: या टप्प्याअखेर लागोपाठच्या दोन किंवा तीन रिंगा हातात उरल्या पाहिजेत. एकच उरली असेल तर बहुधा आवडीने निवड झाली आहे.

टप्पा ५: पेलेट घालून, आकडा न सांगता

उरलेल्या रिंगा आता प्रत्यक्ष शॉटवर तपासायच्या. रिंग सोबत्याने किंवा कोचने बदलावी आणि तिचा आकडा नेमबाजाला सांगू नये. लहान आकडा म्हणजे चांगला, हा समज इतका खोल असतो की आकडा कळला की निकाल आधीच ठरतो.

प्रत्येक रिंगवर दहा शॉटच्या किमान तीन सिरीज घ्याव्यात, त्याही वेगवेगळ्या दिवशी आणि क्रम बदलून. रिंग बदलल्यावर पहिले काही शॉट झीरो (नेम धरला तिथेच शॉट लागतो का ते) तपासण्यासाठी ठेवावेत, कारण सगळ्या रिंगांचे छिद्र अगदी केंद्रात असेलच असे नाही आणि ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, थोडा सरकू शकतो. सरकलेला ग्रुप पाहून रिंग वाईट ठरवणे ही इथली नेहमीची चूक आहे. मागच्या साइटला क्लिक देऊन ग्रुप मध्यावर आणावा आणि मगच मोजावे.

मोजताना नुसती बेरीज पाहू नये. प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडे किंवा लक्ष्याकडे न पाहता आधी वहीत कॉल लिहावा, मग प्रत्यक्ष शॉट लिहावा. ज्या रिंगवर कॉल आणि शॉट जास्त वेळा जुळतात, ज्या रिंगवर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करण्याची वेळ कमी येते आणि ज्या रिंगवर वाईट शॉट कमी वाईट असतात, ती निवडावी. एका रिंगवर दोन गुण जास्त आले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दोन रिंगा बरोबरीत राहिल्या तर मोठी ठेवावी.

टप्पा ६: रिंगचा प्रकार आणि काठाची जाडी

व्यास ठरल्यानंतरच हा प्रश्न घ्यावा. धातूच्या रिंगला काळा, ठसठशीत काठ असतो. पारदर्शक प्लास्टिकमध्ये छिद्राच्या तिरप्या कडेमुळे वर्तुळ दिसते आणि बाकीचा भाग उजेड आत सोडतो. अंधाऱ्या हॉलमध्ये प्लास्टिक सोयीचे वाटते, झगझगीत उजेडात धातू. काठ फार बारीक असेल तर कमी प्रकाशात तो हरवतो, फार जाड असेल तर बाहेरच्या टनेलची पट्टी झाकली जाते आणि टप्पा १ मध्ये पाहिलेले केंद्रीकरण कळेनासे होते. मध्यम जाडी घ्यावी आणि विषय संपवावा. यावर लोक गरजेपेक्षा फार वेळ घालवतात.

रिंगला आडव्या दांड्या असतील तर त्या क्षितिजसमांतर बसवून टनेलचे झाकण घट्ट करावे. सैल झाकणातली रिंग हळूहळू फिरते आणि नेमबाज तिच्या दांडीला जुळवून रायफलच तिरकी धरू लागतो.

टप्पा ७: प्रकाश बदलल्यावर

ज्या प्रकाशात खेळायचे त्याच प्रकाशात अंतिम निवड करावी. लक्ष्यावर तीव्र उजेड आणि फायरिंग लाइनवर अंधार असेल तर पांढरे पसरते आणि काळा आहे त्यापेक्षा बारीक भासतो. मंद किंवा पिवळट उजेडात उलट होते: पांढऱ्याची रेघ करडी पडते आणि आदल्या दिवशी पुरेशी वाटलेली रिंग आवळल्यासारखी होते. इमारतीच्या तळघरातल्या रेंजवर सराव करून मोठ्या हॉलमध्ये सामना खेळायला जाणाऱ्यांना हा फरक पहिल्या साइटर शॉटलाच (गुण न धरता घेतलेल्या चाचणीच्या शॉटला) जाणवतो.

अशा वेळी आधी मागची आयरिस थोडी उघडून किंवा बंद करून, किंवा फिल्टर लावून चित्र जुळवावे. तेवढ्याने भागले नाही तर रिंग ०.१ किंवा ०.२ ने मोठी करावी. सामन्याच्या दिवशी रिंग लहान करण्याचे कोणतेही चांगले कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. एसी हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत आलेल्या थंड काचेवर आणि प्लास्टिकवर बाष्प धरते. बाहेर येताच डबी उघडून रिंगा पुसत बसू नये. त्या बंद डबीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्याव्यात.

५० मीटरसाठी वेगळा हिशेब

५० मीटरच्या सरावासाठी वरळी किंवा बालेवाडी गाठणारे बरेच जण एअर रायफलचाच आकडा तिथे नेतात. तो चालत नाही. ५० मीटरचा काळा ११२.४ मिमीचा असतो, पण अंतर पाचपट असल्याने तो डोळ्याला १० मीटरच्या काळ्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने लहान दिसतो. शिवाय एक्स्टेन्शन ट्यूब (बॅरलच्या टोकाला लावायचा लांबीचा जोड) लावली की फ्रंट साइट दूर जाते. डोळ्यापासून १,००० मिमी अंतर असेल तर ३.६ ची रिंग १८० मिमीचे वर्तुळ व्यापते आणि प्रत्येक बाजूला सुमारे ३४ मिमी पांढरे उरते. तिथे केंद्रापासून ८ मिमीपर्यंत १०, १६ पर्यंत ९ आणि २४ पर्यंत ८ असा हिशेब धरून टप्पा ३ पुन्हा करावा, मात्र होल्डमध्ये मिळवायचे पांढरे २ ऐवजी १० मिमी धरावे, कारण इतक्या दूरवर २ मिमीची रेघ डोळ्याला दिसत नाही. ट्यूब नव्याने लावली असेल तर रिंग त्याच प्रमाणात वाढवावी: ८५० चे अंतर ९५० झाले की ४.० च्या जागी ४.५ च्या आसपासची रिंग तेच चित्र देते.

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तिन्ही स्थितींत होल्ड वेगळा असतो आणि डोके साइटपासूनही वेगळ्या अंतरावर येते, म्हणून तीन वेगळे आकडे काढावे लागतात. उभ्या स्थितीचा आकडा सर्वात मोठा असतो. पालथ्या स्थितीत होल्ड इतका लहान असतो की हिशेबाने फारच बारीक रिंग येते. तिथे हिशेब बाजूला ठेवून पांढऱ्याची स्पष्ट, सलग रेघ हाच निकष धरावा.

नोंद आणि फेरतपासणी

वहीत रिंगच्या आकड्यासोबत डोळा ते फ्रंट साइट अंतर, आयरिसचा आकडा, फिल्टर आणि रेंजचा प्रकाश लिहावा. बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) लांबवली, नवे जॅकेट घेतले, चष्म्याचा नंबर बदलला किंवा वाढत्या वयातल्या मुलाची रायफल मोठी केली, की टप्पा १ पासून पुन्हा सुरुवात करावी. फ्रंट साइटला फिरवून मोठी-लहान होणारी आयरिस असेल तर ठरलेल्या आकड्यावर ती नेहमी एकाच दिशेने, मोठ्याकडून लहानाकडे फिरवत आणावी, कारण उलट दिशेने आणल्यास स्क्रूच्या ढिलाईमुळे तोच आकडा दाखवूनही छिद्र थोडे वेगळे राहू शकते. ठरलेल्या जागी पांढऱ्या रंगाची बारीक खूण करावी, म्हणजे ती सरकली आहे की नाही हे सामन्याच्या तयारीच्या वेळेत एका नजरेत कळते.